नजर अनुभवाने तयार होते, हा समज सोडा: गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

निवृत्त होईपर्यंत पंधरा वर्षे मी परीक्षा केंद्रांच्या दारात प्रवेशपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहत होतो. एकदा माझ्या हातून एक तोतया आत गेला. दुपारच्या पेपरला त्यालाच एका मुलीने अडवले. ती कामावर रुजू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. चौकशीत तो फोटो मला पुन्हा दाखवला. खरे सांगतो, मला तो आजही त्याच मुलाचा वाटतो.

माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला आणि मी तो मुकाट्याने घेतला. नंतर या विषयावर जे वाचनात आले त्याने डोळे उघडले.

आपल्या माणसाला आपण पाठमोराही ओळखतो, म्हणून चेहरे ओळखणे सोपे वाटते. अनोळखी चेहऱ्याची गोष्ट निराळी. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात लोकांना 40 फोटो देऊन माणसांप्रमाणे गठ्ठे करायला सांगितले. फोटो दोनच स्त्रियांचे होते, पण बहुतेकांनी सात-आठ किंवा त्याहूनही जास्त गठ्ठे केले! दोघी नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध होत्या. तिथल्या लोकांना तेच काम अगदी सोपे गेले.

त्यातही माणसामाणसांत फार फरक असतो. ग्लासगो विद्यापीठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीच्या छोट्या आवृत्तीत फोटोंच्या 40 जोड्या दाखवतात आणि प्रत्येक जोडीत माणूस एकच आहे की दोन, एवढेच विचारतात. सरासरी उत्तरे 81 टक्क्यांच्या आसपास बरोबर येतात. काही जण सगळ्या 40 जोड्या बरोबर सांगतात, तर काहींचे उत्तर छापा-काटा केल्यासारखे असते. माझी 26 बरोबर आली. जुळ्या भावंडांवरच्या संशोधनातून ही क्षमता बरीचशी जन्मजात असल्याचे दिसते आणि सर्वसाधारण हुशारीशी तिचा फारसा संबंध नाही. म्हणजे हुशार, प्रामाणिक, कष्टाळू माणूसही या कामात कच्चा असू शकतो, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

आता आपल्या खात्याशी थेट संबंध असलेला मुद्दा. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची परीक्षा झाली. समोर माणूस एक आणि फोटो दुसऱ्याचा, अशा वेळी 14 टक्के प्रसंगी त्यांनी तो फोटो खरा मानला. नोकरीत किती वर्षे काढली याने काही फरक पडलेला दिसला नाही. मात्र अधिकाऱ्या-अधिकाऱ्यांमध्ये मोठी तफावत होती. मग अशा कामांसाठी आपण ज्येष्ठता आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण यांवर का विसंबतो? अशा छोट्या प्रशिक्षणांनी फारसा फायदा होत नाही, हेही तपासून झाले आहे.

मशीन आणले की प्रश्न मिटेल, असे आपल्याला कुणी सांगत असेल तर जपून ऐका. मशीन अनेकदा सारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांची यादी पुढे करते आणि शेवटचे बोट माणूसच ठेवतो. त्या यादीत सगळे चेहरे एकमेकांसारखेच, त्यामुळे काम उलट अवघड होते.

माझी मागणी साधी आहे. ओळख तपासण्याच्या जागेवर नेमणूक करण्यापूर्वी प्रत्येकाची अशी चाचणी घ्या. ज्यांना ते जमत नाही त्यांना दुसरे काम द्या, आणि हा दोष मानून त्यांच्या सेवापुस्तकात शेरा मारू नका. रंगांधळ्या माणसाला सिग्नलच्या कामावर न नेमण्याइतकीच ही साधी व्यवस्था आहे. ज्यांची नजर खरोखर असामान्य आहे त्यांना शोधून सर्वांत नाजूक जागी बसवा. त्या दिवशी दारात उभी असलेली मुलगी बहुधा त्यांच्यापैकी होती, पण तिला तसे कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

चाचणीला अर्धा तासही लागत नाही. आधी कुणावर करून पाहायची असेल तर मला बोलवा; माझे गुण वर दिलेच आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त पर्यवेक्षक