नावं माहीत नसलेल्यांचे आभार

लोक विचारतात, नट म्हणून मुंबईत कुणी हात दिला? मुंबईचं नंतर बघू. आधी देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यातल्या त्या मावशींचे आभार. परभणीला मी चढलो तशा त्या सरकून बसल्या, आणि जालना यायच्या आत ज्वारीच्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी ठेवून म्हणाल्या, ‘खा रे लेकरा, तोंड सुकलंय तुझं.’ संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात प्रयोगानंतर विंगेत झोपू देणाऱ्या दादांचेही आभार. पुढं काम बंद, त्यात वडील तिथल्याच घाटी या सरकारी दवाखान्यात भरती. तेव्हा एक पोरगा रक्त देऊन नाव न सांगताच गेला. पुरस्कार कपाटात धूळ खातात. मी मालिकेत दिसलो की वडील टीव्हीचा आवाज वाढवतात, तेवढं मला पुरतं. रक्त देणाऱ्या भावा, वाचत असशील तर कळव. वडलांना तुला भेटायचंय.