डुलकी दिसली की शिक्का बसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामाच्या वेळेत कुणाचा डोळा लागला की त्याच्या आळसावर एकमत व्हायला क्षणही लागत नाही. त्यामागे आजार असू शकतो, ही शंका फार थोड्यांना येते. म्हणून हे पत्र.

मला नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा मेंदूचा आजार आहे. हायपोक्रेटिन नावाचं रसायन मेंदूला जागं ठेवतं. त्याचा शोध १९९८ साली लागला आणि दोनच वर्षांत कळलं की माझ्यासारख्या रुग्णांच्या मेंदूतल्या, ते तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात. त्या पुन्हा येत नाहीत. औषधांनी जागेपण वाढतं, आजार मात्र जन्मभर सोबत राहतो. 'रात्री लवकर झोपत जा' हा सल्ला मायेने दिलेला असला तरी इथे निरुपयोगी आहे. आमची रात्रीची झोपही तुटकच असते.

बाहेरून दिसत नाही ते आणखी त्रासाचं. बैठकीत टिपणं घेताना हात लिहीत राहतो आणि मेंदू झोपलेला असतो. ओळ नीट सुरू होते, पुढे नुसत्या रेघोट्या. काहींना तर खळखळून हसू आलं की गुडघ्यातलं बळच जातं. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. असे सहकारी गप्पांपासून लांब राहतात आणि मग शिष्ट ठरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

'हे नाटक कशावरून नाही?' असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे. याचं उत्तर मोजता येतं. रात्रभर झोपेची तपासणी होते. मग दिवसा, दोन-दोन तासांच्या अंतराने, चार-पाच वेळा झोपायला सांगतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा माणूस पंधरा मिनिटांत स्वप्नांच्या झोपेत पोहोचला, तर निदानाला भक्कम आधार मिळतो. एरवी त्या झोपेपर्यंत पोहोचायला साधारण दीड तास लागतो. असं नाटक कुणाला वठवता येईल?

आम्हाला कामात सूट नको आहे. दुपारी १५-२० मिनिटं आडवं होता आलं तर पुढचा तास-दोन तास डोकं लख्ख चालतं. ही झोप औषधाइतकीच उपचाराचा भाग आहे. पण तेवढी परवानगी मागायची भीती वाटते, म्हणून माणसं स्वच्छतागृहाचं दार लावून, भिंतीला डोकं टेकून झोपतात. कामाची जागा इतकी अपमानास्पद का असावी? एक रिकामी खोली, महत्त्वाच्या बैठका सकाळी, फिरत्या पाळ्यांतून सुटका आणि बैठकीत उभं राहायची मोकळीक, एवढ्यावर आमचं बरंच भागतं. खर्च जवळपास शून्य.

प्रश्न नार्कोलेप्सीपुरताही नाही. मोठ्याने घोरणारा, रात्री श्वास अडकणारा आणि दिवसभर पेंगणारा सहकारी स्लीप अॅप्नियाचा रुग्ण असू शकतो. तो आजार कितीतरी अधिक आढळतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अशा माणसाला मेमो देण्याआधी झोपेच्या डॉक्टरांकडे जायला सांगा, अशी सर्व वरिष्ठांना कळकळीची विनंती. आपल्या आरोग्य पुरवणीनेही 'चांगल्या झोपेचे उपाय' देताना या तपासण्यांची माहिती आवर्जून छापावी.

आपला,
एक नोकरदार वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)