भंगारातला टायर भट्टीत जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की आमच्या गेवराई परिसरातील टायर दुकानांपुढे टायरगाड्यांची गर्दी होते. ट्रकला किंवा जीपला नकोसा झालेला, पण अजून धड असलेला टायर बैलगाडीला बसतो, तिथे झिजला की चपलेच्या तळापर्यंत पोहोचतो. पुनर्वापर मराठवाड्याला कोणी नव्याने शिकवावा असे नाही. प्रश्न आहे तो त्यानंतरही उरणाऱ्या आणि पंक्चरच्या दुकानामागे थप्पीने पडून राहणाऱ्या टायरांचा.

गंधक घालून पक्के केलेले रबर प्लास्टिकसारखे वितळवून पुन्हा ओतता येत नाही आणि मातीत टाकले तर वर्षानुवर्षे कुजत नाही. पावसाळ्यात या टायरांत साचलेले पाणी टायर वाकडे करूनही पूर्ण निघत नाही, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची आतल्या भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने तग धरून पुढच्या पाण्याची वाट पाहतात. पाणीटंचाईमुळे घरोघरी पिंप भरून ठेवणाऱ्या आपल्या भागात या डासाला आणखी आसरा देणे परवडणारे नाही.

त्याहून वाईट म्हणजे जाळणे. जळणारा टायर दगडी कोळशाच्या तोडीस तोड उष्णता देतो, म्हणून तो भट्टीवाल्यांना स्वस्त पडतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या शिवारालगतच्या एका वीटभट्टीत रात्री टायर जाळले गेले आणि सकाळी वेचणीला आलेल्या कापसावर काजळी दिसली. त्या धुरात काजळीबरोबर गंधकाचे वायू आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगेही असतात. (रास्ता रोकोत चौकाचौकात टायर पेटवणारे आपण सर्वच पक्षांचे कार्यकर्ते यात निर्दोष नाही, हेही नमूद करतो.)

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये नियम करून जुन्या टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकली. दोन वर्षांपूर्वी तयार किंवा आयात झालेल्या टायरांपैकी किती टायरांची विल्हेवाट लावायची, याचे उद्दिष्ट २०२२-२३ साठी ३५ टक्के होते, पुढील वर्षी ७० टक्के झाले आणि २०२४-२५ पासून १०० टक्के झाले. मात्र कंपनीने गावोगावचा टायर स्वतः उचलावा असे बंधन त्यात नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडून प्रमाणपत्रे घेतली की तिचे उद्दिष्ट पूर्ण होते. त्या उद्योगाला मोठ्या शहरातून एकगठ्ठा माल मिळत असेल, तर तालुक्याच्या पंक्चरवाल्याकडचे दहा-वीस टायर गोळा करायला तो कशाला येईल? जो दारात येतो तो भंगारवाला, आणि तो माल जास्त पैसे देणाऱ्याला विकतो, मग तो भट्टीवाला असला तरी.

वास्तविक टायर हा चांगला कच्चा माल आहे. तो चिरून, चुंबकाने पोलादी तार वेगळी करून उरलेल्या रबराचा भुगा केला, तर त्यातून पायपुसणी, रबरी चटया, फरशा होतात. हाच भुगा डांबरात मिसळला, तर उन्हाळ्यात डांबर लवकर मऊ पडत नाही आणि रस्त्याला भेगा कमी पडतात. काळ्या मातीत खचणाऱ्या रस्त्यांचा पाया यामुळे सुधारेल असा दावा मी करणार नाही, परंतु वरचा थर जास्त टिकला तरी खडी, डांबर आणि पैसा वाचेल. हवेविना तापवून टायरपासून तेल काढण्याचाही एक मार्ग आहे, पण असा कारखाना निष्काळजीपणे चालवला तर दुर्गंधी आणि काजळी आजूबाजूच्या वस्तीलाच सोसावी लागते. म्हणून भुग्याला अग्रक्रम मिळावा असे मला वाटते.

त्यासाठी प्रत्येक नगरपरिषदेने एक छपराखालचे संकलन केंद्र उघडावे, दुकानदाराला टायरमागे ठरावीक रक्कम द्यावी आणि गाडीभर माल साठला की तो नोंदणीकृत उद्योगाकडेच पाठवावा. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे टायर तयार होतात. तेथून बाहेर पडणाऱ्या मालाचा शेवट मराठवाड्यात कसा होतो, याचा जिल्हानिहाय हिशेब प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रसिद्ध करावा. वीटभट्ट्यांची तपासणी मात्र दिवसा न करता रात्री करावी, कारण टायर रात्रीच पेटतात.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. गेवराई, जि. बीड