खोली घेऊन टाकली आहे, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी मुद्द्याचं सांगते. नागपूरला हॉस्पिटलजवळ खोली घेतली आहे, आगाऊ भाडंही दिलं आहे. कॅन्सरवरचे शेक, म्हणजे रेडिएशन, संपेपर्यंत तुम्ही आणि आई तिथेच राहायचं. वेचणीचं दादा बघेल, बाया ठरल्या आहेत. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ‘घाटंजीहून रोज जाऊन-येऊन करतो’ म्हणाला असतात. खोली तळमजल्यावर आहे, संडास-मोरी आतच आहे, आईला उभ्याने स्वयंपाक करता येईल असा ओटा आहे. पलंग उशाकडून उंच करायला विटा ठेवायला सांगितल्या आहेत, त्या कशाला ते पुढे लिहिते. दाराशी कडुलिंब आहे, कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. त्या टपरीवर सुपारी-तंबाखूचा खर्रा पण मिळतो, तेवढं एक वाईट आहे.

तुम्ही दादाला विचारलंत म्हणे, ‘पोरगी माह्यावर प्रयोग करू देते काय?’ नाही बाबा. प्रयोग होऊन गेले आहेत, दुसऱ्या माणसांनी त्यात भाग घेतला म्हणून आज तुमचा डोस ठरवता येतो. ऑपरेशनमध्ये मानेतल्या ज्या गाठी काढल्या, त्यातल्या एकीत आजार गाठीचं आवरण फोडून बाहेर आला होता. युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निकाल २००४ मध्ये आले. ते एकत्र तपासल्यावर दिसलं की अशा रोग्यांना नुसत्या शेकापेक्षा शेकासोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध दिलेलं जास्त लागू पडतं. म्हणून सलाईन.

आता ते किती द्यायचं, यावर बरीच वर्षं वाद चालला. जुनी पद्धत म्हणजे दर तीन आठवड्यांनी अंगाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम. तुमच्या अंगाचं माप दीड चौरस मीटर, म्हणजे एका वेळी १५० मिलिग्रॅम. किडनी आणि कान दोघांना ते जड जातं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३०० रोग्यांवर तुलना केली, निकाल २०१८ मध्ये आले. दर आठवड्याला चौरस मीटरमागे ३० मिलिग्रॅमवाल्यांना त्रास कमी झाला, पण दोन वर्षांनी तोंड-मानेतला आजार ताब्यात राहिलेले ५८.५ टक्के निघाले आणि तीन आठवड्यांवाले ७३.१ टक्के. म्हणजे ३० अपुरं. मग जपानमध्ये ऑपरेशन झालेल्या २६१ रोग्यांवर दर आठवड्याला ४० देऊन पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला: तीन वर्षांनी हयात असलेले ७१.६ टक्के, जुन्या पद्धतीत ५९.१. पांढऱ्या पेशी फार खाली जाण्याचं प्रमाणही कमी. तुमचं ऑपरेशन झालेलं आहे, म्हणून मला हे ४० पटतं आणि डॉक्टरांनीही तेच ठरवलं आहे. तुमच्या मापाला आठवड्याला ६० मिलिग्रॅम, सात वेळा. कागदावर ४० ऐवजी ३० दिसलं तर मला फोन लावायचा, स्वतः भांडायला जायचं नाही.

तिथे कोणी एखाद्या नव्या अभ्यासाबद्दल विचारलं तर घाबरू नका. मराठीतला कागद मागून घ्या, खोलीवर आणा, मला वाचून दाखवा. नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत आणि हो म्हणून मधेच बाहेर पडता येतं. फक्त उभ्या-उभ्या अंगठा-सही करायची नाही.

खोलीचा हट्ट का, ते आता. शेक ३३ आहेत, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे साडेसहा आठवडे. चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी जोरात वाढायला लागतात. खाडा पडून उपचार लांबला तर आजार ताब्यात राहण्याची शक्यता दर दिवसाला साधारण एक-दीड टक्क्याने घटते. एसटी हुकली, पाहुणे आले, गावात कोणाचं बरं-वाईट झालं, एकही कारण चालणार नाही. मशीन बिघडली किंवा सुट्टी आली तर शनिवारी, नाहीतर एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन शेक देता का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारायचं. आई, हे तू विचार, बाबा लाजतील.

पहिले दोन आठवडे बरे जातात. ‘काहीच तर होत नाही’ म्हणून बाबा ठेचा मागतील, देऊ नकोस. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलल्यासारखं होतं, लाळ चिकट होते, चव जाते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, आणि दर दोन तासांनी गुळण्या. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. मानेवर शेकाच्या जागी हळद, बाम, तेल काही लावायचं नाही आणि तिथे ब्लेडने दाढी नाही. आंबील, पातळ मुगाचं वरण, अंडं फेटून दुधात, केळं कुस्करून, असं दिवसात सहा-सात वेळा थोडं थोडं.

दर सोमवारी वजन करा. वजन फार घटलं की चेहऱ्यावर बांधायची जाळी सैल होते, डोकं हलतं आणि शेक नेमक्या जागी बसत नाही. मग पुन्हा माप, पुन्हा खाडा. म्हणून डॉक्टर नाकातून नळी घाला म्हणाले तर नाही म्हणू नका. नळी म्हणजे शेवट नव्हे बाबा. मोठ्या आत्याच्या वेळचं तुमच्या डोक्यात आहे, ते वेगळं होतं. तोंड भरून आलं की नळी निघते.

आई, नळीतून देताना: आधी नाकाशी केलेली खूण सरकली नाही ना, बघायचं. त्यांना बसवायचं, फडक्यातून गाळलेलं २०० मिलि हळूहळू द्यायचं, मग ३० मिलि पाणी, मग अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. रात्रीसाठी त्या विटा. खोकला आला की लगेच थांबायचं. अन्न फुप्फुसात उतरलं तर निमोनिया होतो आणि अशक्त माणसाला तो झेपत नाही.

तापाचं सगळ्यात महत्त्वाचं. थर्मामीटर काखेत लावा, तोंडात जखमा असतात. १००.४ दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. आधी क्रोसिन देऊन ‘उतरतो का पाहू’ करायचं नाही, ताप दबतो आणि जंतू रक्तात पसरत राहतात. पांढऱ्या पेशी कमी असताना पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं. दारात पोचताच ‘किमो चालू आहे, ताप आहे’ एवढंच म्हणायचं. थंडी वाजून आली, पण आकडा कमी दिसला, तरी जायचं.

शेक संपल्यावर गावी आलात की सुई मारणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका, चांगला माणूस आहे तरी. डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लाम, जेंटामायसिन ही तिन्ही सिस्प्लॅटिननंतर किडनीला मारक, जेंटामायसिन कानालाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही ताप मोजूनच. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात जायलाच हवं. लघवी कमी झाली, कानात किर्र वाजायला लागलं, तर पुढच्या सलाईनआधी सांगा, सलाईननंतर नाही.

उलटी त्याच दिवशी नाही झाली तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते, म्हणून गोळ्या पूर्ण घ्या. रात्रीची ओलान्झापिन अडीच मिलिग्रॅमची आहे. टाटानेच २०२४ मध्ये दाखवलं की अडीच आणि दहा दोन्हींनी उलट्या जवळपास सारख्याच थांबतात, पण दहाने दिवसभर गुंगी राहते. त्यात बहुतेक स्तनाच्या कॅन्सरच्या बाया होत्या, तरी या वयात तुम्ही गुंगीत पडायला नको म्हणून मला अडीचच बरी वाटते.

बैलांचं ऐकलं. विकू नका. जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत खर्च बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला भेटायचं. औषधांचं वरचं मी पाठवते, हिशेब मांडू नका.

मला पूर्ण वेळ तिथे थांबता येणार नाही, हे मनाला लागतं. लहानपणी ताप आला की घरातल्या कापसाच्या ढिगावर मला झोपवून तुम्ही रात्रभर बाजूला बसायचे. तुमच्या वेळी मी फोनवर, म्हणून इतकं लांब लिहिलं. पहिलं सलाईन चढताना मी येते आहे, तिसऱ्या आठवड्यातही येईन. रोज रात्री आठला फोन करीन: वजन, पाणी, ताप, एवढं सांगायचं.

तुमची,
बेबी

ता. क. आई, दात काढल्याला दहा दिवस झाले ना, ते जाळीचं माप घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखव. जखम भरली नसेल तर शेक सुरू करू नका म्हणावं. पुढे शेक घेतलेल्या जबड्यातला दात गावात कोणाकडूनही काढायचा नाही, हाड सडतं. आणि बाबांच्या सदऱ्याचे खिसे तूच तपास, सुपारीसुद्धा नको.