बुरीरामला जाण्यापूर्वी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बँकॉकमध्ये तुझा चांगला जम बसला आहे, हे वाचून समाधान वाटले. जोडून सुट्टी मिळेल तेव्हा समुद्रकिनाऱ्यांऐवजी ईशान्येकडील बुरीराम प्रांत पाहावास, अशी माझी मनापासून इच्छा आहे. उबोनकडे जाणारी रेल्वे तेथूनच जाते.

कोरात पठारावरचा हा शेतकऱ्यांचा प्रांत आहे. उत्तरेला मून नदी, दक्षिणेला कंबोडियाच्या सीमेवरील दांगरेक डोंगररांग आणि मध्ये बहुतांशी पावसाच्या भरवशावरची भातखाचरे. या सपाटीतून एकाएकी वर आलेले काही डोंगर म्हणजे विझलेले ज्वालामुखी होत. त्यांपैकी फानोम रुंगच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवर, कंबोडियातील प्राचीन ख्मेर राजवटीत दहाव्या ते तेराव्या शतकांत घडत गेलेले शिवमंदिर उभे आहे. काळ्या पाषाणातील देवळे पाहत वाढलेल्या आपल्याला तेथील गुलाबी वालुकाश्म आणि जांभा पाहून नवल वाटेल. मुख्य मंदिर बाराव्या शतकातले असून ते नरेंद्रादित्याशी निगडित आहे. अंकोरवाट उभारणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्म्याचा हा आप्त पुढे शैव तपस्वी होऊन याच डोंगरावर राहिला, आणि त्याचा पुत्र हिरण्य याने पित्याची कीर्ती संस्कृत शिलालेखात कोरवली. प्रांताच्या मुद्रेवर याच मंदिरापुढे नृत्य करणारी देवता आहे.

पूर्वेच्या दारावर नटराज शिव आहे आणि त्याखालच्या शिल्पपट्टीत शेषशायी विष्णू. ही पट्टी 1960च्या दशकात चोरीला गेली आणि पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात आढळली. थायलंडमध्ये अभ्यासकांनीच नव्हे, सामान्य लोकांनीही तिच्यासाठी आवाज उठवला, तेव्हा 1988मध्ये ती परत आली आणि मूळ जागी बसवली गेली. संग्रहालयात ती कदाचित अधिक सुरक्षित राहिली असती, असे म्हणणारे भेटतात; मला ते मुळीच पटत नाही, कारण ज्या दारासाठी ती कोरली त्या दाराविना तिचा अर्थ अपुरा राहतो.

असेच पुनरागमन सारस पक्ष्याचेही झाले आहे. थायलंडच्या रानांतून तो नाहीसा झाला होता. नाखोन राचासिमाच्या प्राणिसंग्रहालयात वाढवलेले सारस 2011पासून बुरीरामच्या पाणथळींत सोडण्यात आले आणि आता ते भातखाचरांत घरटी करतात. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडेही सारस भातशेतीतच राहतो, म्हणून तुला हे सविस्तर लिहावेसे वाटले: शेतकऱ्याने उभ्या पिकातले घरटे राखले, तरच हा पक्षी टिकतो. हुआय चोराखे माक जलाशयाच्या परिसरात त्याचा शोध घे.

एप्रिलच्या आरंभी किंवा सप्टेंबरमध्ये जमले तर उत्तम. त्या सुमारास काही दिवस उगवत्या सूर्याचे किरण मंदिराच्या ओळीतल्या पंधराही दारांतून आरपार जातात. मात्र त्या दिवसांत गर्दी फार असते. तेव्हा पायथ्याजवळच्या मुआंग ताम मंदिरासाठी निवांत वेळ राखून ठेव. तेथील चार तळ्यांच्या काठांवर नागशिल्पे आहेत, आणि जवळच ख्मेर राजा सातव्या जयवर्म्याने राजधानी अंकोरहून फिमाई या मंदिरनगरीला जाणाऱ्या मार्गावर उभारलेल्या आरोग्यशाळांपैकी एकीचे अवशेष आहेत.

तुझे,
बाबा