पनामाला कोण विचारतो?

महोदय,

पनामा कालवा ‘परत घेणार’ असे ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये शपथविधीच्या भाषणात जाहीर केले. तेव्हापासून आपल्याकडे चर्चा चालते ती अमेरिका विरुद्ध चीन एवढीच. पनामाच्या माणसाला काय वाटते, हे कोणी विचारत नाही. मी बोटीवर सुकाणी होतो, त्या कालव्यातून बऱ्याचदा गेलो, म्हणून हे पत्र.

इतर बंदरांत पायलट, म्हणजे बोटीला वाट दाखवायला चढणारा तिथला जाणकार, फक्त सल्ला देतो; बोट कॅप्टनचीच. पनामात ताबाच पायलटकडे जातो. तो ‘पोर्ट टेन’ (सुकाणू डावीकडे दहा अंश) म्हणाला की तेच मोठ्याने पुन्हा म्हणायचे आणि चाक फिरवायचे. कॅप्टन नुसता बाजूला उभा. आमच्या सुरुवातीच्या काळात पायलट बहुतेक अमेरिकन गोरे असत, पुढे पनामाचे दिसू लागले. त्यांतल्या एकाने बाल्बोआ बंदराजवळ अँकन टेकडीवरचा भलामोठा झेंडा दाखवला. म्हणाला, “ह्याच्यापायी आमची पोरं मेली.”

गोष्ट ९ जानेवारी १९६४ ची. कालव्याच्या अमेरिकी पट्ट्यातल्या शाळेत पनामाचे विद्यार्थी आपला झेंडा लावायला गेले. झटापटीत तो फाटला, दंगल पेटली आणि पनामाची वीसहून अधिक माणसे गेली. मुळात १९०३ च्या ज्या कराराने तो पट्टा कायमचा अमेरिकेकडे गेला, त्यावर पनामातर्फे सही एका फ्रेंच माणसाची! १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर आणि पनामाचे नेते तोरिहोस यांनी नवा करार केला आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाचा झाला. मधे १९८९ मध्ये पनामाचा लष्करी हुकूमशहा नोरिएगा याला धरायला अमेरिकी फौजा घुसल्या, तेव्हा एल चोरियो ही गरिबांची वस्ती जळाली.

एवढे होऊनही तिथे मला अमेरिकेचा सरसकट द्वेष दिसला नाही. व्यवहार डॉलरमध्ये, स्वतःची म्हणून फक्त नाणी, पोरे बेसबॉलवेडी. आपल्याकडचे ‘अमेरिका म्हणजे स्वर्ग’ आणि ‘अमेरिका मुर्दाबाद’ हे दोन्ही गट तिथे गोंधळून जातील. त्यांचे म्हणणे इतकेच, की केलेली सही पाळा.

आणि ‘चीनच्या ताब्यातला कालवा’ असे लिहिणाऱ्यांसाठी: कालवा पनामाचे स्वतःचे प्राधिकरण चालवते. हाँगकाँगच्या कंपनीकडे होती ती दोन तोंडांजवळची दोन बंदरे. निदान बातमीत तरी हा फरक ठेवावा.

– एक निवृत्त खलाशी, दापोली