48 दिवसांचा आकडा

प्रिय सुधीर,

हे तुलाच लिहायला हवं, बाकी कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" म्हणतील. आमचे वसुलीचे दिवस, म्हणजे उधारीचे पैसे हाती यायला सरासरी लागणारे दिवस, 60 वरून 48 वर आले. बैठकीत साहेबांनी आकडा वाचला, टाळ्या झाल्या, तात्यांचा चेहरा तर तू बघायला हवा होतास. मी बँकेचा उतारा समोर घेऊन बसलो होतो. त्यात हे कमी झालेले 12 दिवस कुठे दिसेनात.

आकडे छोटे करून सांगतो. (तरी तू कागद घेशीलच, माहीत आहे मला.) मागच्या तिमाहीत उधारीची विक्री दरमहा 30, एकूण 90. अखेरीस येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे राहिलेले पैसे, 60. येणी भागिले विक्री, गुणिले 90 दिवस, आले 60. या खेपेला पहिल्याच महिन्यात ती मोठी ऑर्डर लागली. विक्री 100, मग 25, पुन्हा 25. एकूण 150, येणी 80. सूत्रात घाल, बरोबर 48 येतात. पण त्या एका पार्टीने 70 लगेच चुकते केले. येण्यात ते उरले नाहीत, विक्रीत मात्र राहिले, आणि त्यांच्या चोख व्यवहाराचं श्रेय बाकी सगळ्यांना मिळालं.

रात्री तुझ्या पद्धतीने उलटं मोजलं. 80 मधून शेवटच्या महिन्याचे 25 गेले, 30 दिवस. त्याआधीचे 25 गेले, आणखी 30. उरलेले 30 हे पहिल्या महिन्याच्या 100 पैकी धरले, म्हणजे 9 दिवस. झाले 69! मागच्या तिमाहीला हीच रीत लावली तर 60च येतात. म्हणजे आम्ही 12 दिवसांनी सुधारलो नाही, 9 दिवसांनी घसरलोय.

मग थकबाकीची वयवार यादी काढली, कुठलं बिल किती दिवसांचं जुनं ते दाखवणारी. 80 पैकी 22 एकाच गिऱ्हाइकाकडे, बिलं 120 दिवसांपलीकडची. कोण ते तू ओळखलंस. शेऱ्याच्या रकान्यात "पुढच्या आठवड्यात देतो" हे एकच वाक्य नव्या नव्या तारखेसह खाली उतरत गेलंय. वसुलीवरच्या शुभाने खोदून विचारलं तेव्हा कळलं की बिलांवर त्यांचा ऑर्डर नंबरच नाही, त्यामुळे ती मंजुरीला गेलेलीच नाहीत. माणूस बुडवा नाही रे, बिल अडकलंय. सरासरीत हे कधीच दिसलं नसतं.

आणि आता खरी काळजी. 48 च्या जोरावर साहेब उधारीची मुदत 30 वरून 45 दिवसांवर न्यायची म्हणतायत, आणि शुभाला वसुलीवरून काढून विक्रीला देणार. फोन करून बिलं सोडवून घेणारी ती एकटी! पुढच्या तिमाहीत विक्री परत 90 वर आली आणि येणी 80च राहिली, तर हेच सूत्र 80 दिवस दाखवेल. तेव्हा बोल कुणाला लावणार? तिच्या जागी बसलेल्या नव्या पोराला. पुरवठादार आमच्या बिलाला 45 दिवस थांबणार नाहीत आणि पगार तर एक दिवसही नाही. झोप लागत नाही ती यामुळे. बाकी तब्येत ठीक, पाठ अधूनमधून धरते.

तुझं नि माझं ते कराचं भांडण आठवतं? येण्यात कर धरलेला, विक्रीत नाही, म्हणून दिवस फुगतात, असं तू ओरडत होतास, आणि मी "सगळीकडे तसंच करतात" म्हणून अडून बसलो होतो. 18 टक्के कर असला तर 50 चे 59 दिसतात, हे तू माझ्याच वहीच्या पाठीवर लिहिलं होतंस, तेही लाल शाईने. ती वही अजून आहे. कर न काढणं दरवेळी सारखं असेल तर कल तरी कळतो, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही, पण दुसऱ्या कंपनीशी तुलना करायची तर तुझंच खरं.

शुक्रवारी साहेबांनी वेळ दिलीय. मी दोनच कागद नेणार, उलट मोजणी आणि वयवार यादी. मुदत वाढवायचीच असेल तर वेळेवर देणाऱ्यांनाच वाढवा, असं सांगणार. पण साहेबांना एकच आकडा लागतो. मुदत न संपलेली येणी बाजूला काढून नुसत्या उशिराचे दिवस दाखवू का? तो आकडा त्यांना चटकन पटेल असं वाटतं. तू साहेबांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस, सांग.

आईचा गुडघा कसा आहे? घराचा ताबा मिळाला का? धाकटीच्या निकालाचं वहिनींकडून कळलं, तिला शाबासकी दे. गुरुवारपर्यंत फोन कर, कितीही रात्र झाली तरी चालेल.

तुझा,
अनिल